रिकामं मैदान आणि रुपयातला एक आणा

पोस्ट मोठी आहे. ज्यांची पोरं आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा, बाकीच्यांनी वाचली तर उपकार.

गावच्या ग्रुपवर चार दिवस एकच चर्चा चाललीय. शाळेच्या मैदानाची रस्त्याकडची बाजू घ्यायची, तिथं गाळे काढायचे, भाड्यातून शाळेला उत्पन्न, त्यातून डिजिटल वर्ग, वगैरे वगैरे. आणि या सगळ्याच्या बाजूने एकच मुद्दा फिरून फिरून येतोय : "मैदान नाहीतरी रिकामंच पडलेलं असतं की." त्याच्याखाली अंगठ्यांचा पाऊस.

मला या एका वाक्यावरच बोलायचंय. मैदान रिकामं असतं हे खरं आहे. शाळेवरून माझं रोजचं जाणं-येणं आहे, एखादा कुत्रा आणि पाण्याची टाकी सोडली तर भर शाळेच्या वेळात तिथं कोणी दिसत नाही. पण ते आपोआप रिकामं झालेलं नाही. ते आपण रिकामं केलंय, पद्धतशीर, वर्षानुवर्षं. आणि आता रिकामं आहे म्हणून देऊन टाकायला निघालोय. विहिरीत गाळ साठू द्यायचा आणि मग पाणी नाही म्हणून विहीर बुजवायची, त्यातलाच हा प्रकार.

कसं रिकामं केलं ते सांगतो.

वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास आहे. कार्यालयाबाहेर फळ्यावर लावलेलं वेळापत्रक बघा, सुबक अक्षरात 'शा. शि.' लिहिलेलं आहे. पण गणित राहिलं की घ्या खेळाचा तास. ऑनलाईन माहिती भरायची आहे, गुरुजी मोबाईलला नेट शोधत फिरतायत, मग पोरांनी पाढे लिहीत बसा, खेळाच्या तासाला. शिष्यवृत्तीचे जादा तास कुठं बसवायचे? खेळाच्या तासात. आणि यात गुरुजींना एकट्याला दोष देऊ नका. पालक सभेत उठून "सर, खेळबिळ कमी करा, अभ्यासाचं बघा" असं कोण म्हणतं? आपणच म्हणतो. मी कानांनी ऐकलंय, एकदा नाही, दर वर्षी. पाचवीला बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू' नावाचं पुस्तक आहे. नावातला पहिला शब्द 'खेळू' आहे, आणि तेसुद्धा पोरांना मांडी घालून बसवून वाचून घेतात!

दुसरी गोष्ट शिक्षेची. गृहपाठ नाही केला? मग आज खेळायला जायचं नाही. दंगा केला? मैदानाला पाच चकरा मार. जरा विचार करा, आपण सहा-सात वर्षांच्या पोराला काय शिकवतोय. न पळणं ही एक शिक्षा आणि पळणं ही दुसरी शिक्षा. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे, पण उठाबशा आणि चकरा आपल्याला शिक्षा वाटतच नाहीत, 'तेवढाच व्यायाम' वाटतो. मग तेच पोर पुढं चौदा-पंधराव्या वर्षी धावण्याचा कंटाळा करतं आणि आपण मोबाईलच्या नावाने बोटं मोडतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, आणि तिच्यावरच आपण सगळे खूश असतो. संघ. तालुक्याच्या क्रीडा स्पर्धा जवळ आल्या की शाळेला एकदम जाग येते. कबड्डीचा संघ, खो-खोचा संघ. बारा पोरं निवडली जातात, थोराड, चपळ, बहुतेक वरच्या वर्गातली. त्यांचा सराव सुरू होतो, कोणीतरी देणगीदार टी-शर्ट देतो, स्टेटसला फोटो पडतात. आणि उरलेली शाळा? पायऱ्यांवर बसून टाळ्या वाजवते. स्पर्धा झाल्या की चुना पुसला जातो, त्या बारांचंही खेळणं संपतं.

मला त्या बारांबद्दल काही म्हणायचं नाही. ती पोरं कशीही खेळतीलच. शाळेने नाही खेळवलं तर ओढ्यात, बांधावर, गल्लीत खेळतील. माझा प्रश्न पायरीवर बसलेल्यांचा आहे. जाडी पोरं, लाजाळू पोरं, चष्मा असलेली, दम्याचा त्रास असलेली, एक पाय आखूड असलेला तो दुसरीतला मुलगा. ज्यांना हालचालीची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांनाच आपण सगळ्यात आधी बसवतो. वर्गातल्या पहिल्या बारा पोरांनाच वाचायला शिकवायचं, बाकीच्यांनी त्यांचं वाचन ऐकून टाळ्या वाजवायच्या, असं कोणी केलं तर आपण शाळेवर मोर्चा काढू. खेळाच्या बाबतीत हेच चालतं आणि त्याला आपण 'शाळेचं क्रीडाक्षेत्रातलं यश' म्हणतो.

मुलींचं तर विचारूच नका. पहिली-दुसरीपर्यंत पोरी पोरांच्या बरोबरीने उंडारतात. चौथीपर्यंत त्या कडेला सरकतात. गणवेशाचा स्कर्ट, "मुलीच्या जातीला शोभतं का", आणि मधल्या सुट्टीत ताटं गोळा करायला, वर्ग झाडायला हाक कोणाला? पोरींनाच. पाचवीतल्या मुलीला विचारा, शेवटची लंगडी कधी खेळलीस. ती हसेल फक्त.

एकदा मी मुद्दाम कडुलिंबाखाली बसून आख्खा खेळाचा तास पाहिला. तास झाला हेच नशीब. पस्तीस मिनिटांचा तास. त्यात रांग लावण्यात दहा मिनिटं, हजेरी, मग एक चेंडू आणि तीस-पस्तीस पोरं. माझी पोर तिसरीत आहे. घड्याळ लावून मोजलं, ती पूर्ण तासात अडीच-तीन मिनिटं पळाली. बाकी वेळ रांगेत उभी, पुढचीची वेणी ओढत. हा 'झालेला' तास. न झालेल्या तासांचा हिशोब तुम्हीच करा.

आता काहीजण म्हणतील (एकाने ग्रुपवर म्हटलंच आहे), "आपली खेड्यातली पोरं, शेतात राबणारी. त्यांना कसला आलाय वेगळा व्यायाम? हे शहरातल्या फ्लॅटवाल्यांचं फॅड." दादा, कुठल्या सालात आहात? शाळा सुटताना गेटवर एकदा उभे राहा. हाकेच्या अंतरावरची पोरं मोटरसायकलवर येतात-जातात, कारण रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरची भीती, आणि ती भीती खोटी नाही. पाणी नळाला आलं, गुरं दारात नाहीत, भांगलणीला पोरं नेणं बंद झालं आणि ते चांगलंच झालं. पण त्या कामांबरोबर जी हालचाल गेली तिच्या जागी आपण काही दिलं नाही. संध्याकाळी घरी काय, हे आपापल्या घरात बघा. सूरपारंब्या, लगोरी, विषामृत, डब्बा ऐसपैस ही नावं तरी पोरांना माहीत आहेत का विचारा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं तरी चांगली दम लागेल अशी हालचाल करावी. रोज. आठवड्यातून तीन दिवस तरी त्यात हाडं-स्नायू मजबूत करणारं काही असावं : उड्या, चढणं, लोंबकळणं. म्हणजे लंगडी आणि सूरपारंब्याच झालं की हे! 60 मिनिटं एकट्या शाळेने द्यावीत असं मी म्हणत नाही. पण दिवसातले जागेपणीचे सगळ्यात चांगले सहा तास पोर शाळेत असतं, तिथं तीन मिनिटं मिळत असतील तर उरलेली सत्तावन्न कुठून येणार?

या सगळ्यात सरकारचा वाटा मोठा आहे, तो सोडायचा नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं परिशिष्ट काढून वाचा, दोनच पानं आहेत. आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा निदेशक (तोही अंशकालीन) सहावी ते आठवीसाठी, आणि तोही पटसंख्या शंभरच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीला? कोणी नाही. ज्या वयात पोर पळायला, उडी मारायला, तोल सांभाळायला शिकतं, त्या वयासाठी कायद्याने खेळाचा माणूसच ठेवलेला नाही. आपल्याकडच्या साठच्या आतल्या पटाच्या शाळेत दोन शिक्षक, चार वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, मतदार याद्या, सर्वेक्षण. त्यातल्या एखाद्या बाईंना "तुम्ही पीटीही घ्या" म्हणताना आपल्यालाच ओशाळं वाटलं पाहिजे.

म्हणून मी खेळाच्या शिक्षकाची वाट बघत बसा असं म्हणत नाही. तो यायला हवा, मागत राहू. पण तोपर्यंत एक साधा हिशोब मांडतो.

कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवणं बंधनकारक आहे. रोज 15 मिनिटं सगळी शाळा मैदानावर आणली तर 200 दिवसांत होतात 50 तास. 800 तासांतले 50. सोळावा हिस्सा. जुन्या माणसांना लगेच कळेल : रुपयातला एक आणा. पंधरा आणे तुमच्या भाषा-गणिताला ठेवा, शिष्यवृत्तीला ठेवा, परिपाठाला ठेवा. एक आणा पोराच्या अंगाला द्या. एवढंच मागणं आहे.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग गावी सेंट निनियन्स नावाची प्राथमिक शाळा आहे. 2012 साली तिथल्या मुख्याध्यापिका एलेन वायली यांच्या लक्षात आलं की पोरं खेळाच्या तासाला सुरुवातीच्या हलक्या धावण्यातच दमतायत. त्यांनी वरच्या वर्गातल्या पोरांना म्हटलं, चला, मैदानाला चक्कर मारून येऊ. बहुतेकांना एक चक्कर धड पुरी करता येईना. मग त्यांनी रोज 15 मिनिटं बाहेर काढायला सुरुवात केली. महिनाभरात ती पोरं मैलभर पळायला लागली, आणि हळूहळू सगळी शाळा. त्याचं नाव पडलं 'डेली माईल', आज जगभर हजारो शाळा हे करतात.

यातली गंमत काय आहे बघा. वेगळा गणवेश नाही, साहित्य नाही, खेळाचा शिक्षक नाही. वर्गाचे शिक्षकच पोरांना घेऊन बाहेर येतात. पळायचं, दमलं की चालायचं, गप्पा मारत जायचं. नंबर नाही, शिट्टी नाही, बक्षीस नाही. त्यामुळे शेवटचं कोणी येतच नाही. ज्याला धावता येत नाही तो चालतो, खुर्चीवर असेल तो खुर्ची फिरवतो, पण सगळे बाहेर असतात. थंडी-भुरभुर पावसातही. आपल्याकडे ऊन आहे, मान्य. मग सकाळी घ्या. आपला परिपाठ बघितलाय कधी? राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधान, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, आणि पुन्हा कोणी पाहुणा आला असेल तर त्याचं मार्गदर्शन. पोरं पाऊण तास ताठ उभी. त्यातली बोधकथा दोन दिवसांआड केली तर देश बुडणार नाही. परिपाठ संपला की तिथूनच सुटायचं मैदानावर, पंधरा मिनिटं, आणि मग वर्गात. जेवणानंतर नको, पोट दुखतं. सकाळची शाळा असेल तेव्हा तर प्रश्नच नाही. जुलै-ऑगस्टात चिखल झाला तर व्हरांड्यात लेझीम. ती लेझीम आहे शाळेत, कपाटात, 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीच्या आधी दहा दिवस बाहेर निघते आणि पुन्हा कुलपात जाते.

रोज पळून कंटाळा येईल? येईल. म्हणून आठवड्यातले दोन दिवस साखळी, लंगडी, आट्यापाट्या असं ठेवा, ज्यात एका वेळी सगळी पोरं हलतात. एक चेंडू आणि तीस पोरं हा खेळ नाही, ती रांग आहे.

"गुरुजींवर आणखी एक बोजा", हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्यावर उत्तर आपणच आहोत. पालकांनी आठवडा वाटून घ्यावा. दोघे पालक रोज पंधरा मिनिटं. सकाळी डेअरीला दूध घालून येताना थांबायचं. मी स्वतः सोमवार आणि गुरुवार घेतो, लेखी देतो. निवृत्त झालेले दोन गुरुजी आणि एक फौजी गावात आहेत, त्यांना विचारायला कोणी गेलंय का?

"पडलं तर जबाबदार कोण?" पडणारच. गुडघा खरचटणारच. त्याला हळद लावायची. खरचटलेला गुडघा घेऊन शाळेत भांडायला जाणारे पालक हे मैदान रिकामं होण्याचं एक कारण आहेत, हे तोंडावर सांगतो. पण काचेने पाय कापणं वेगळं. रविवारी मैदानात लग्न, सोमवारी बाटल्यांच्या काचा, पत्रावळ्या, मंडपाचे खड्डे. खो-खोचे दोन खांब गेल्या हंगामात मांडववाल्याने उपटले, ते अजून परत रोवलेले नाहीत. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलांनी आणि मुलींनी दोन्ही चषक जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आख्ख्या गावाने स्टेटस ठेवले. खांब मात्र भिंतीला टेकवून ठेवलेत. अनवाणी पोरं त्या काचांवर पळवायची का, असं एक बाई मला म्हणाल्या. बरोबर आहे त्यांचं. मग लग्न बंद करा किंवा अनामत रक्कम घ्या आणि मैदान साफ झाल्याशिवाय परत देऊ नका. सोपं आहे, फक्त कोणालातरी नाही म्हणावं लागेल.

पैशाचंही ऐका. समग्र शिक्षा योजनेत 2018 पासून खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला 5,000 आणि उच्च प्राथमिकला 10,000 रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. आपल्या शाळेला किती आलं, केव्हा आलं, त्यातून काय घेतलं, हे साठा नोंदवहीत असतं. पालकांनी बघायला मागावं. कोणावर संशय नाही. चेंडू कुठल्या कपाटात आहेत तेवढं तरी कळेल.

आता गाळ्यांकडे येतो. शाळेला मैदान असलंच पाहिजे, हे त्याच परिशिष्टात लिहिलंय. पण किती मोठं, ते लिहिलेलं नाही. याचाच फायदा घेतला जातोय : "मैदान राहतंय की मागच्या बाजूला." खो-खोच्या मैदानाला 27 मीटर लांबी आणि 16 मीटर रुंदी लागते. गाळे झाल्यावर मागं जो तुकडा उरेल त्यात ते तिरकं आखलं तरी बसणार नाही, टेप घेऊन माझ्याबरोबर चला. आणि गाळ्यांचं तोंड रस्त्याकडे असलं तरी पाठ मैदानाकडे असेल. कोणाचा कचरा कुठं येईल, वेगळं सांगायला नको. एकदा बांधकाम झालं की मैदान परत मिळत नाही. खाजगी शाळांत तीन मजले चढवून पोरांना गच्चीवर कवायत घ्यायला लावतात आणि त्या हजारोंनी फी घेतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेकडे त्यांच्यापेक्षा सरस अशी जी एक गोष्ट आहे ती मोकळी जमीन, आणि आपण तीच द्यायला निघालोय.

गोळेश्वर आपल्यापासून किती लांब आहे? खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा 15 जानेवारी हा जन्मदिवस राज्याचा क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. शाळेत फोटोला हार घालतात, एक भाषण होतं, पोरं बसून ऐकतात आणि बसूनच घरी जातात. खाशाबांचं नाव मी पदकासाठी घेत नाही. आपल्या शाळेतून पदक आलं नाही तरी माझी काही तक्रार नाही. पायरीवर बसलेल्या पोरांना उठवा, एवढीच आहे.

येत्या सोमवारी सकाळी अकराला शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला, हे कायदा सांगतो, आणि शाळेचा विकास आराखडा करायचा अधिकार याच समितीचा आहे. म्हणजे आया-बहिणींनो, तुमचा. फक्त सहीपुरतं येऊ नका. मी दोन ठराव लिहून नेणार आहे. एक, सर्व वर्गांसाठी रोज 15 मिनिटं मैदान, कोणत्याही शिक्षेपोटी कोणालाही त्यातून वगळायचं नाही आणि शिक्षा म्हणून कोणाला पळवायचंही नाही. दोन, मैदानाच्या एकाही फुटावर बांधकामाला समितीची संमती नाही. ज्यांना गाळे हवेत त्यांनीही जरूर या, समोर बसून बोलू. टेप माझ्याकडे आहे. आणि मांडववाल्याचा नंबर कोणाकडे असेल तर त्याला सांगा, खांब रोवायला पहार घेऊन ये.